गाजर गवत : एका तणाची नावे आणि त्यांमागचा इतिहास

महाराष्ट्रातील पडीक रान, रस्त्यांच्या कडा, कालव्यांचे भराव, रेल्वेमार्गालगतच्या मोकळ्या पट्ट्या आणि शहरांतील राडारोडा टाकलेले भूखंड यांवर पावसाळा सुरू होताच बारीक पांढऱ्या फुलांचे जे तण दाटीने उभे राहते, त्याला मराठीत गाजर गवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी, पांढरी फुली अशी अनेक नावे आहेत. वनस्पतिशास्त्रात ते ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’ या नावाने ओळखले जाते आणि सूर्यफूल, झेंडू व शेवंती ज्या कुळात मोडतात त्याच कुळात त्याचा समावेश होतो. मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा प्रदेश, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा मध्यभाग हे त्याचे मूळ स्थान होय. महाराष्ट्रातील त्याची पहिली शास्त्रीय नोंद मात्र १९५५ सालची, पुण्याची आहे. वनस्पतींची लोकनावे बहुधा इतकी जुनी असतात की ती कधी आणि का पडली हे सांगणे शक्य नसते. गाजर गवताची मराठी नावे सुमारे सात दशकांच्या आतली असल्यामुळे ती ज्या परिस्थितीत रूढ झाली ती परिस्थिती कागदपत्रांतून तपासता येते, आणि लोकांनी दिलेले नाव इतिहासाची साक्ष म्हणून कितपत धरावे, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास हे तण म्हणूनच विशेष उपयोगी ठरते.

मराठी मुलखातील जुन्या तणांची नावे वेगळ्या घडणीची आहेत. आघाडा, माका आणि रुई या शेताच्या बांधावर आपोआप वाढणाऱ्या वनस्पती असल्या, तरी संस्कृत वैद्यकग्रंथांत त्या अनुक्रमे अपामार्ग, भृंगराज आणि अर्क या नावांनी येतात. त्यांना औषधात स्थान आहे तसेच ते आचारातही आहे. श्रावणात जिवतीच्या पूजेला आघाडा व दूर्वा लागतात, गणपतीच्या पत्रीत आघाडा असतो आणि शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालण्याची प्रथा गावोगावी आहे. याउलट, गेल्या चार-पाच शतकांत समुद्रापलीकडून आलेल्या वनस्पतींना ना संस्कृत नाव होते ना पूजेतले स्थान, म्हणून त्यांची नावे बोलीभाषेने स्वतःच घडवली. या घडणीच्या साधारण चार रीती दिसतात. पहिली साम्याची, जिच्यात परिचित वनस्पतीचे नाव नव्या वनस्पतीला विशेषण लावून दिले जाते : मेक्सिकोकडून आलेल्या काटेरी, पिवळ्या फुलांच्या तणाला पिवळा धोत्रा म्हणतात ते या रीतीने. दुसरी गंधाची, जिच्यातून घाणेरी हे नाव आले. ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून कोलकात्याच्या वनस्पतिउद्यानात आणली गेली आणि पुढे देशभरच्या रानांत पसरली. तिसरी करणीची, म्हणजे वनस्पती जे करते त्यावरून नाव देण्याची : जंगलाच्या मोकळ्या जागा व्यापून तिथली झाडोऱ्याची वाढ मोडणारी ती रानमोडी. चौथी मूळ ठिकाणाची, जिच्यात विलायती बाभूळ आणि विलायती चिंच यांसारखी नावे येतात आणि जिच्यात ‘विलायत’ याचा अर्थ एखादा ठरावीक देश असा नसून समुद्रापलीकडचा मुलूख एवढाच असतो.

या चार रीतींपैकी साम्याची रीत ‘गाजर गवत’ या नावात दिसते. या तणाची पाने खोलवर कातरलेली, दुहेरी विभागलेली आणि वरवर पाहता गाजराच्या पाल्यासारखी असतात. रोप लहान असताना ही पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि त्या वेळी गाजराच्या वाफ्यातील रोपाशी त्याचे साम्य अधिकच जाणवते. नावातील ‘गवत’ हा शब्द शास्त्रीय अर्थाने चुकीचा आहे, कारण गवत म्हणजे ज्वारी, बाजरी व हरळी यांच्या कुळातील, लांबट पानांची आणि पेरेदार खोडाची वनस्पती होय. शेतकऱ्याच्या बोलीत मात्र गवत या शब्दाचा व्याप मोठा आहे. पिकात न पेरता उगवलेले आणि खुरपणीत किंवा निंदणीत काढून टाकायचे जे काही असेल ते सारे गवत, मग त्याची पाने रुंद असोत वा अरुंद. म्हणजेच ‘गाजर गवत’ या दोन शब्दांत एका शब्दाने रूप सांगितले आहे आणि दुसऱ्याने शेतातील स्थान.

फुलावरून पडलेली नावे समजण्यासाठी फूल जवळून पाहावे लागते. ज्याला सर्वसाधारणपणे एक फूल म्हटले जाते ते प्रत्यक्षात अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असते आणि वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक अशी संज्ञा आहे. गाजर गवताचे स्तबक जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंदीचे असते. त्याच्या कडेला बरोबर पाच ठिकाणी पाकळीसारखी दिसणारी पाच स्त्रीपुष्पे असतात आणि मधल्या पांढऱ्या उशीत परागकण देणारी कित्येक पुंपुष्पे दाटलेली असतात. बी धरते ते केवळ कडेच्या पाच फुलांत, म्हणून एका स्तबकातून पाचच बिया निघतात. प्रत्येक बी काळी, चपटी, पाचरीच्या आकाराची आणि सुमारे दोन मिलिमीटर लांबीची असून तिच्या दोन्ही बाजूंना दोन वाळकी वांझ फुले पंखांसारखी चिकटून राहतात आणि त्यांच्या आधाराने ती पाण्यावर तरंगते व वाऱ्याबरोबर थोडे अंतर जाते. पाच बिया ही संख्या अगदी थोडी वाटते. परंतु वाढलेल्या एका झाडावर हजारो स्तबके येतात आणि त्याच्यापासून पंधरा ते पंचवीस हजार बिया तयार होऊ शकतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलोरा येतो आणि ओल टिकून राहिल्यास एका वर्षात तीन-चार पिढ्या सहज पुऱ्या होतात.

या पाच टोकांच्या पांढऱ्या स्तबकावरून चटकचांदणी आणि पांढरी फुली ही नावे पडली. ही नावे तणाच्या उपद्रवाविषयी काहीही सांगत नाहीत. हिरव्या झुडपावर विखुरलेले पांढरे ठिपके पाहणाऱ्याच्या डोळ्यांनीच ती घडवली आहेत. शेजारच्या तेलुगू प्रदेशात याच तणाला ‘वय्यारी भामा’ म्हणजे डौलाने चालणारी नखरेल स्त्री असे नाव आहे. कार्ल लिनेयस याने १७५३ मध्ये या वनस्पतीला शास्त्रीय नाव दिले तेव्हा वापरलेला ‘पार्थेनियम’ हा शब्दही कुमारिका या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडलेला आहे, आणि प्राचीन ग्रीक वैद्यकात स्त्रियांच्या व्याधींवर दिल्या जाणाऱ्या एका पांढऱ्या फुलांच्या वनस्पतीला त्या घडणीचे नाव होते. तेलुगू नाव आणि शास्त्रीय नाव यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मात्र ज्या समाजाला एखाद्या वनस्पतीचा त्रास अजून झालेला नसतो तो तिला रूपावरून नाव देतो, असे चटकचांदणीसारख्या मराठी नावांवरून आणि या तेलुगू नावावरून दिसते.

‘काँग्रेस गवत’ हे नाव या साऱ्यांहून वेगळे आहे. ते वनस्पतीच्या रूपापेक्षा एका काळाकडे बोट दाखवते. मराठीप्रमाणेच हिंदीत ‘काँग्रेस घास’ आणि कन्नडमध्ये ‘काँग्रेस गिडा’ अशी त्याची रूपे आहेत; कन्नडमध्ये ‘गिडा’ म्हणजे रोप किंवा झुडूप. या नावाचे तीन खुलासे प्रचलित आहेत. पहिल्यानुसार पांढऱ्या फुलांनी भरलेले रान पांढऱ्या टोप्या घातलेल्या जमावासारखे दिसते म्हणून हे नाव पडले, आणि हिंदी भागात आढळणारे ‘सफेद टोपी’ हे नाव या खुलाशाला बळ देते. दुसऱ्यानुसार काँग्रेस पक्षाच्या राजवटीत परदेशातून आलेल्या धान्याबरोबर हे तण आले म्हणून. तिसऱ्यानुसार ते धान्य पाठवण्यास अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, मंजुरी दिली होती म्हणून. यांपैकी कोणता खुलासा मूळचा हे ठरवण्यापेक्षा, दुसरा आणि तिसरा हे दोन्ही परकीय धान्याच्या आयातीशी जोडलेले आहेत, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे.

ज्या आयातीचा उल्लेख या खुलाशांत येतो ती ‘पी. एल. ४८०’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेत अतिरिक्त धान्य मित्रराष्ट्रांना सवलतीने विकण्यासाठी जुलै १९५४ मध्ये जो कायदा झाला त्याचा क्रमांक ४८० होता, आणि त्यावरून हे नाव पडले. भारताने या कायद्याखाली पहिला करार २९ ऑगस्ट १९५६ रोजी केला. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत अमेरिकी गव्हाची जहाजे भारतीय बंदरांत सातत्याने येत राहिली आणि १९६५ व १९६६ या लागोपाठच्या अवर्षणाच्या वर्षांनंतर तर देशाचे अन्न त्या जहाजांवर अवलंबून राहिले. त्या वर्षांत रेशनच्या दुकानासमोर रांगा लावून लाल गहू घेणाऱ्या पिढीच्या मनात परकीय धान्य आणि त्यातून आलेले परकीय तण ही जोडी पक्की झाली, आणि आजही गाजर गवताचा विषय निघाला की हीच कथा सर्वप्रथम सांगितली जाते.

तारखा मात्र या कथेला पुरता आधार देत नाहीत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र डिसेंबर १९५५ मध्ये पुण्यात सुरू झाले आणि तेथील रोला शेषगिरी राव यांनी पुण्यात आढळलेल्या पार्थेनियमची भारतासाठी नवी नोंद म्हणून माहिती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. ही झाडे त्यांनी १९५५ मध्ये पाहिली होती. त्याही आधी, १९५१ मध्ये, प्रा. परांजपे यांना पुण्यातील उकिरड्यांवर या तणाची तुरळक झाडे आढळली होती, असा उल्लेख पुढील अभ्यासकांच्या लेखनात येतो. याचा अर्थ असा की पी. एल. ४८०च्या पहिल्या करारावर सह्या होण्यापूर्वीच हे तण पुण्यात रुजलेले होते. पुढे जुनी कागदपत्रे व संग्रह तपासले गेले तेव्हा हा कालक्रम आणखी मागे गेला : विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोलकाता उद्यानातील वनस्पतींच्या १८१४ च्या यादीत पार्थेनियमचा उल्लेख सापडला आणि डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेच्या संग्रहात १८८० सालचा वाळवलेला नमुना असल्याचे अभ्यासकांनी १९७८ मध्ये दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकातील ही झाडे बहुधा उद्यानापुरती किंवा लहानशा भागापुरती राहिली. त्यांचा देशव्यापी प्रसार झाल्याची कोणतीही खूण त्या काळातील वनस्पतिवर्णनांत दिसत नाही.

तरीही लोककथा सर्वस्वी निराधार ठरत नाही. भारताने अमेरिकेकडून धान्य आणण्यास पी. एल. ४८०पूर्वीच सुरुवात केली होती. जून १९५१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने भारतासाठी एकोणीस कोटी डॉलरचे आपत्कालीन अन्नकर्ज मंजूर केले आणि त्यातून सुमारे वीस लाख टन धान्य आले. मेक्सिकोच्या आखातावरील बंदरे ही अमेरिकी धान्याच्या निर्यातीची मोठी केंद्रे होत, आणि तोच किनारा या तणाचे घर आहे. धान्याच्या पोत्यांतून, कडब्यातून किंवा बंदरावरच्या कचऱ्यातून बी येण्याचा मार्ग त्यामुळे पूर्णपणे शक्य कोटीतला आहे. जगाच्या इतर भागांतील अनुभव हेच सुचवतात. ऑस्ट्रेलियात हे तण क्वीन्सलँड प्रांतात १९५५ मध्ये, म्हणजे पुण्याच्याच वर्षी नोंदले गेले आणि दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी यंत्रसामग्रीबरोबर ते तिथे पोहोचल्याचे मानले जाते. १९६० मध्ये टेक्सासहून आणलेल्या चाऱ्याच्या गवताच्या बियाण्यात मिसळून ते त्याच प्रांतात पुन्हा आले आणि मोठा प्रसार या दुसऱ्या खेपेतून झाला. इथिओपियात त्याचा पहिला मोठा प्रादुर्भाव पूर्वेकडील दिरे दावा आणि हरार या भागांत, दुष्काळग्रस्तांसाठीच्या अन्नवाटप केंद्रांच्या आसपास दिसला. तिथल्या लोकांनी त्याला ‘फरामसिसा’ हे नाव दिले, ज्याचा आशय ‘आता जमीन सोडल्याच्या कागदावर सही करून टाक’ असा आहे. भारतीय ‘काँग्रेस गवत’ आणि इथिओपियन ‘फरामसिसा’ या दोन्ही नावांमागे भुकेच्या काळात परक्याच्या हातून घेतलेले धान्य उभे आहे. फरक इतकाच की पहिल्या नावाने ते कुणी आणले ते सांगितले आणि दुसऱ्याने त्यामुळे काय गमावले ते सांगितले.

महाराष्ट्रात या कथेचे आणखी एक रूप प्रचलित आहे. मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात गाजर गवत १९७२ च्या दुष्काळात ‘मिलो’बरोबर आले असे सांगितले जाते. मिलो म्हणजे त्या वर्षी आयात करून रेशनवर वाटलेली लालसर अमेरिकी ज्वारी; तिची भाकरी आणि दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी या दोन गोष्टी त्या पिढीच्या आठवणीतून कधीही पुसल्या गेल्या नाहीत. पुण्यातील नोंद सतरा वर्षे आधीची असल्याने देशातील आगमनाचा खुलासा म्हणून ही कथा टिकत नाही, परंतु गावातील आगमनाचा खुलासा म्हणून तिचा विचार करावा लागतो. १९७२-७३ मध्ये हजारो गावांत पाझर तलाव, नालाबांध आणि रस्त्यांची कामे निघाली, माती-मुरूम एका जागेहून दुसऱ्या जागी गेला आणि दूरवरून आलेला चारा छावण्यांत उतरला. उकरलेली, उघडी, पिकाविना पडलेली जमीन हीच या तणाला सर्वांत जास्त मानवणारी असते, म्हणून पुष्कळ गावांनी ते प्रथमच त्या वर्षांत पाहिले असेल हे संभवनीय आहे. वनस्पतितज्ज्ञाच्या दृष्टीने आगमन म्हणजे देशातील पहिला नमुना. शेतकऱ्याच्या दृष्टीने आगमन म्हणजे स्वतःच्या बांधावरचे पहिले झाड. या दोन तारखांत वीस वर्षांचे अंतर असू शकते आणि दोन्ही आपापल्या जागी खऱ्या असू शकतात.

पुण्यापासून हे तण ज्या वेगाने पसरले त्याची कल्पना महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्या लेखावरून येते. १९६८ मध्ये ‘इंडियन फार्मिंग’ या नियतकालिकात त्यांनी महाराष्ट्रातील पिकांना आणि कुरणांना या तणाचा धोका असल्याचे सांगितले, म्हणजे उकिरड्यावरील तुरळक झाडे ते पिकाचा शत्रू हा प्रवास अवघ्या सतरा वर्षांत पुरा झाला होता. या प्रसारात धान्याच्या जहाजांचा थेट वाटा नव्हता. तो वाटा वाळू, मुरूम आणि शेणखत वाहणाऱ्या मालमोटारींचा, कालव्याच्या पाण्याचा, मेंढरांच्या लोकरीला व जनावरांच्या खुरांना चिकटलेल्या चिखलाचा आणि वाढत्या शहरांभोवती वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवलेल्या भूखंडांचा होता. गाजर गवताच्या मुळांतून व कुजणाऱ्या पानांतून जी रसायने जमिनीत उतरतात ती आसपासच्या इतर बियांची उगवण रोखतात, त्यामुळे एकदा जागा धरली की तिथे दुसरे फारसे काही वाढत नाही. मूळ प्रदेशात त्याच्यावर जगणारे कीटक व रोग त्याला आवरून धरतात. भारतात ते शत्रू त्याच्याबरोबर आले नव्हते.

रूपावरून चांदणी म्हटलेल्या या तणाचा माणसाच्या शरीराला होणारा खरा उपद्रव भारतात प्रथम पुण्यातच ओळखला गेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी पुण्यातील डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तणाच्या संपर्काने होणाऱ्या त्वचारोगाचे रुग्ण नोंदवले आणि ही माहिती देशापरदेशांतील वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. रोगाला कारण ठरणारा मुख्य पदार्थ ‘पार्थेनिन’ हा असून तो पानांवरच्या आणि खोडावरच्या सूक्ष्म केसांत साठलेला असतो. वाळलेल्या झाडाचे कण हवेतून उडतात तेव्हा तो त्यांच्याबरोबर जातो. म्हणूनच झाडाला हात न लावणाऱ्या माणसालाही पापण्या, मान आणि कोपराच्या लवणीत खाज, लाली व जाड खरखरीत कातडी असा त्रास होतो, आणि वर्षांमागून वर्षे उघड्यावर काम करणारे शेतकरी व मजूर त्याला सर्वाधिक बळी पडतात. परागकणांमुळे काहींना शिंका व दम्याचा त्रास होतो. चारा कमी पडल्यावर जनावरांच्या तोंडी हे तण गेले तर दूध कडवट होते आणि ते मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास जनावरे दगावल्याचेही प्रयोगांत दिसून आले आहे. शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबांना हा त्रास मुकाट्याने सोसावा लागला. कारण रोगावरचा खरा उपाय त्या तणापासून दूर राहणे हा होता आणि खुरपणीवर पोट असणाऱ्याला तोच उपाय परवडणारा नव्हता. गाजर गवताच्या इतिहासातील हे सर्वांत दुःखद प्रकरण आहे आणि त्याची नोंद एकाही लोकनावात उमटलेली नाही.

त्यानंतरचा इतिहास हा तणाला आवर घालण्याच्या प्रयत्नांचा आहे. कर्नाटक राज्याने १९७५ मध्ये शेतीवरील कीड व रोग यांच्या कायद्याखाली त्याला उपद्रवी तण म्हणून घोषित केले. बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने १९८३ मध्ये मेक्सिकोहून ‘झायगोग्रामा बायकलरॅटा’ नावाचा भुंगेरा आणला आणि विलगीकरणात त्याच्या खाद्यसवयी तपासून १९८४ मध्ये त्याला बेंगळुरूच्या परिसरात सोडले. फिकट पिवळट पाठीवर नागमोडी तपकिरी रेषा असलेला हा लहान भुंगेरा आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पाने व फुलोरा खातात, आणि काही वर्षांत बेंगळुरूभोवतीच्या मोठ्या क्षेत्रावर त्यांनी तणाचा पाला पार उतरवल्याचे दिसले. १९९० च्या सुमारास तो काही ठिकाणी सूर्यफुलावर आढळल्याने मोठा वाद उभा राहिला, परंतु त्यासाठी नेमलेल्या समितीने हे नुकसान किरकोळ असल्याचा निष्कर्ष काढला. आज महाराष्ट्रातही हा भुंगेरा सर्वत्र दिसतो आणि ‘मेक्सिकन भुंगा’ या नावाने शेतकऱ्यांच्या तोंडी रुळला आहे. त्याची मर्यादा अशी की तो पावसाळ्यात सक्रिय असतो आणि थंडी-उन्हाळ्यात जमिनीत शिरून सुप्तावस्थेत राहतो, म्हणून ओलिताखालच्या रब्बी रानातील आणि कालव्याकाठचे तण त्याच्या तावडीतून सुटते.

यासोबत साधे उपायही गावपातळीवर वापरले जातात. पावसाळ्यात जमीन ओली असताना आणि फुले येण्यापूर्वी झाड मुळासकट उपटले तर ते परत येत नाही. जमिनीलगत नुसते कापले तर बुडखा पुन्हा फुटतो. फुलापूर्वी उपटलेल्या झाडांचे चांगले कंपोस्ट खत होते, मात्र बी धरल्यानंतर तेच खत शेतभर बी पेरण्याचे साधन बनते. पडीक जागी तरोटा म्हणजेच टाकळा किंवा झेंडू यांचे बी पावसाच्या तोंडावर टाकल्यास ती रोपे दाटीने वाढून गाजर गवताला जागा देत नाहीत. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या दिवसांत गाजर गवत जागरूकता सप्ताह पाळला जातो, आणि कृषी महाविद्यालये व शाळा त्यात भाग घेतात. शासकीय पत्रकांत, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत आणि या सप्ताहांत ‘गाजर गवत’ हेच नाव वापरले गेले. त्यामुळे लेखी मराठीत ते प्रमाण झाले, तर ‘काँग्रेस गवत’ बोलण्यात आणि आठवणीत राहिले.

या नावांचा एकत्रित विचार करताना आणखी एका अमेरिकी तणाचा दाखला उपयोगी पडतो. दगडीपाला, एकदांडी, कंबरमोडी किंवा जखमजोडी या नावांनी ओळखले जाणारे, लांब दांड्यावर पिवळसर-पांढरे फूल धरणारे लहान तण हेही मध्य अमेरिकेकडून आले, तेही गाजर गवताच्याच कुळातील आहे आणि तेही रस्त्याकडेला, बांधावर, भिंतीच्या फटीत सर्वत्र वाढते. परंतु खुरपे लागून बोट कापले की त्याचा पाला चुरगळून रस जखमेवर लावण्याची रीत शेतात रूढ झाली आणि त्याला जखमजोडी हे उपकाराची जाण ठेवणारे नाव मिळाले. त्याच्या कोणत्याही नावात परकेपणाची खूण नाही. मूळ प्रदेश एकच, कूळ एकच आणि वाढण्याची जागाही एकच असताना एकाला घरचे नाव मिळाले आणि दुसऱ्याला परक्या धान्याच्या आठवणीचे, याचे कारण त्यांच्या वनस्पतिशास्त्रीय गुणांत शोधून सापडत नाही. लोकभाषेने परकेपणाला दोष मानलेले नाही. वनस्पतीने काय दिले आणि ती कोणत्या दिवसांत दारी आली, यावर तिने नाव ठरवले.

म्हणून ‘काँग्रेस गवत’ या नावाकडे पार्थेनियम भारतात केव्हा आले याचा पुरावा म्हणून पाहणे चूक आहे, आणि तारीख जुळत नाही एवढ्यावरून ते नाव अज्ञानातून आले असे म्हणणे ही त्याहून मोठी चूक आहे. ते नाव १९५१ ते १९७३ या अन्नटंचाईच्या काळाचा पुरावा आहे. परकीय धान्य खावे लागण्याची बोच त्या काळातील सामान्य माणसाला किती होती हे त्या नावाइतक्या थोडक्यात कोणत्याही सरकारी अहवालाने नोंदवलेले नाही. वनस्पतिशास्त्राने तण केव्हा आले ते सांगावे आणि लोकनावाने ते आले तेव्हा लोक कसे जगत होते ते सांगावे, ही दोन्ही साधने एकमेकांसमोर उभी न करता शेजारी ठेवून वाचली तरच या इतिहासाचे चित्र पुरे होते.

हे वाचन करण्याची संधी आता फार दिवस उरलेली नाही. गाजर गवत आपल्या शिवारात पहिल्यांदा कोणत्या वर्षी, कोणत्या ठिकाणी आणि कशाच्या पाठोपाठ दिसले हे सांगू शकणारी माणसे आज साठीच्या आणि सत्तरीच्या पुढची आहेत. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. तिच्यात औषधी वनस्पती आणि देशी वाण यांच्याबरोबरच शिवारातील तणांची स्थानिक नावे, त्यांचे खुलासे आणि ती प्रथम दिसल्याची वर्षेही उतरवून घ्यावीत. गावातील शिक्षक, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि जैवविविधता समित्यांचे सदस्य यांनी हे काम हाती घेतले, तर या तणाच्या प्रसाराचा गावनिहाय नकाशा आणि त्याच्या नावांचा विश्वसनीय संग्रह महाराष्ट्राजवळ तयार होईल, आणि तो तणविज्ञानाला तसेच मराठी भाषेच्या इतिहासाला सारखाच उपयोगी पडेल.